पाच हजार वर्षांपूर्वीचा सिंथेसायझर

मंडळी, आज सकाळी सावेडीत भाच्याच्या 'वैदिक ध्वनी-ध्याना'ला जाऊन आलो. अनिकेत सिंथेसायझर वाजवतो. पाच हजार वर्षांपूर्वीचं संगीत प्लग लावल्याशिवाय सुरू होत नाही, तेव्हा मी संशय घेऊनच बसलो होतो.

गुंजारवाखालून मंत्र ऐकू आला आणि मी डोळे उघडले. तो श्राद्धातला होता, पितरांना येऊन बसायला सांगणारा. आजूबाजूला चाळीस माणसं प्रसन्न चेहऱ्यानं ध्यानात.

"कुठून आणलास हा?" नंतर विचारलं.

"आजोबांच्या वर्षश्राद्धाला गुरुजींचा आवाज रेकॉर्ड केला होता, मामा. किती शांत वाटतो ना?"

"वाटणारच. ज्यांच्यासाठी आहे, ते कधी दंगा करत नाहीत."

अनिकेतचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्याच्या शेजारच्या काकू आल्या. त्यांचे यजमान गेल्या वर्षी वारले.

"अरे, रविवारी नातवाच्या बारशाला हेच वाजव. डोळे मिटले आणि आमचे हे अगदी जवळ येऊन बसल्यासारखं वाटलं बघ."

अनिकेत माझ्याकडे बघत राहिला. मी चपला शोधू लागलो.

काकूंना मंत्राचा अर्थ ठाऊक नाही, तरी पाहुणा बरोबर आला. आता माझा संशय भाच्यावरून माझ्याच शहाणपणावर आला आहे. रविवारच्या आत त्यांना सांगू का?