किन्हीराजात उपाशी पोटी

"चल, नुसती गंमत बघ," असं म्हणत ताईने मला किन्हीराजाला नेलं आणि पाण्याचे ग्लास भरायला बसवलं. ताई नागपूरच्या एका दंत महाविद्यालयात शिकवते. कॉलेजची व्हॅन, सरकारी आरोग्य केंद्राची औषधं आणि गावातल्या महिला बचत गटाने झाडून दिलेलं बुद्धविहाराचं अंगण, अशा तिघांच्या संसारातून तिथे दातांचं मोफत शिबिर होतं.

समृद्धी महामार्गाने शेलूबाजारपर्यंत गाडी झोपेतच येते. जाग टोलनाक्यावर येते. वाटेत खाण्याची ठिकाणं कमी, डबा घेऊन निघा. आमचा डबा ताईने ओट्यावरच ठेवला होता.

अंगण भरलेलं. पहिला नंबर कमलाबाईंचा. त्या मजुरीला जातात. दुखऱ्या दाढेमुळे महिनाभर पातळ वरणावर होत्या.

"काय खाऊन आलात?" ताईने विचारलं.

"काहीच नाई. सगळेच उपाशी हाओत."

"अहो, का?"

"शिबिर हाये ना!"

गावच्या आशा सेविका शीलाताई पुढे आल्या. "मागं साखर तपासाले उपाशीच बलावलं होतं. मी याहीले तसंच सांगतलं."

ताईने कपाळाला हात लावला. रिकाम्या पोटी दाढ काढली की माणूस चक्कर येऊन पडतं. व्हॅन दुपारी मंगरूळपीरला जाणार होती आणि पुन्हा कधी येईल, हे तिन्ही भागीदारांपैकी एकालाही सांगता येईना.

समोरच्या हॉटेलातून सलीमभाई पोह्यांचं पातेलंच घेऊन आले. "खा बाप्पा लवकर, डॉक्टरीनबाई गुस्सा करून राह्यल्या." सगळे खायला बसले. कमलाबाईंना मात्र घास चावेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"खाल्ल्याबिगर तुमी काढत नाई, अन् काढल्याबिगर मले खाता येत नाई. मंग मी काय करू, बाई?"

मला फार वाईट वाटलं. सलीमभाईंनी दुधात टोस्ट कुस्करून वाटी त्यांच्या हातात दिली.

ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, ताईने दोनदा त्याच्याकडे डोळे वटारले आणि दाढ निघाली. तोंडात कापूस धरूनच कमलाबाईंनी पदराची गाठ सोडली. फुटाण्यांची पुडी. ताईने मान हलवली, "इतक्यात नाही." पुडी पुन्हा पदरात गेली.

आता घरी ताई फोनवर आरोग्य केंद्राशी भांडते आहे. व्हॅन ठरलेल्या दिवशी पुन्हा किन्हीराजाला जायला हवी आणि निरोपात 'जेवून या' असं सांगायला हवं. मी हसते, पण आता मीही तिच्याच बाजूची आहे.

काल शीलाताईंचा फोन आला. "कमलाबाईले बोलाचं हाये म्हन्ते."

मी फोन कानाला लावला. रामराम नाही, काही नाही. नुसतं कुडुम, कुडुम, कुडुम.

"आलं का आयकू?" कमलाबाई म्हणाल्या. "फुटाने हायत."