वहिनींची सवत

लॅबमध्ये रिझल्ट साचायला हवेत. आमच्याकडे साचले ते किस्से! नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही बायोसेन्सर करतोय. म्हणजे नखाएवढा ट्रान्झिस्टर. त्यावर रक्ताचा थेंब टाकायचा, करंट किती बदलला ते बघायचं आणि किडनी बिघडू लागल्याचं वेळेत ओळखायचं. खैरनार सरांनी हा विषय घेतला, कारण वहिनींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, निदान फार उशिरा झालं. तेव्हापासून त्या डायलिसिसवर.

*

सटाण्याहून सरांचे काका लॅब बघायला आले. चिपकडे बघून म्हणाले, "हाऊ ट्रान्झिस्टर शे ना? मग बातम्या लाव ना!"

सर म्हणाले, "काका, बातमी द्यायलाच बसवलाय त्याला. देतच नाही!"

*

एकदा ग्राफ असा सरसर चढला, की आम्ही पेढे मागवले. पेढे संपल्यावर आमची श्वेता हळूच म्हणाली, "सर, थेंब टाकायचाच राहिलाय."

बिनरक्ताचाच चढला होता! याला रिसर्च पेपरात ड्रिफ्ट म्हणतात. लॅबमध्ये काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही.

*

खरी मेख मिठाची. रक्त खारट, आणि खारटात आमच्या चिपला काही उमगत नाही. म्हणून रक्तात पाणी घालून ते अळणी करायचं, धुवायचं, मग तपासायचं. वणीचे एक डॉक्टर ऐकून म्हणाले, "एवढं होईपर्यंत माझा पेशंट देवीचा गड चढून खाली येईल हो!"

वहिनींना हे कळलं तेव्हा त्या चिपवर वाकून म्हणाल्या, "मलाही मीठ बंद, हिलाही मीठ बंद. सवत शोभते माझी!"

सगळे हसले. मला मात्र त्यांच्या सुजलेल्या पायांकडे बघवेना.

*

पुढच्या खेपेला चिपसाठी आपल्या रक्ताची ट्यूब देताना वहिनींनी विचारलं, "काय म्हणते सवत?"

"काहीच बोलत नाही," सर म्हणाले.

"तुम्ही सगळे टक लावून बसता, लाजत असेल ती. जा बघू बाहेर!"

आणि सर खरंच व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. वहिनी त्यानंतर लॅबवर आल्या नाहीत. पावसाळा संपता संपता गेल्या.

*

मिठाला न जुमानणारा नवा थर चिपवर चढवला आणि एका दुपारी ती बोलली. फ्रीजरमध्ये वहिनींच्या शेवटच्या ट्यूबमधलं सीरम, म्हणजे रक्तातून वेगळं काढलेलं पिवळं पाणी, जपून ठेवलेलं होतं. त्याचा थेंब टाकला. अळणी न करता, जसाच्या तसा. आकडा तेव्हाच्या पॅथॉलॉजी रिपोर्टशी जुळला! सगळी लॅब ओरडली. थेंब पडलाय ना, हे मी स्वतः वाकून बघितलं.

श्वेताने पिपेट उचलली. "सर, परत घेऊ या? एका रीडिंगला कोण विचारतं!"

सरांनी ट्यूब उजेडात धरली. तळाशी जेमतेम थेंबभर होतं. त्यांनी झाकण लावलं.

"राहू दे," म्हणाले. "एवढीच उरली आहे."