फ्रिजमधली नळी

प्रयोगशाळेत तिला सगळे तिखटबाई म्हणत, आणि राग तिच्या नाकावरच असायचा. बावीस वर्षं ती रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी मोजत होती, आणि तितकीच वर्षं एचआयव्हीवर दात धरून होती. नव्या मुलींना सांगायची, "हा मेला घर करतो मोजक्याच पेशींत. बाकीच्यांत धड शिरतही नाही. पण नुसती चाहूल लागली की पेशी स्वतःच फुटते, आणि अशी बोंब ठोकते की शेजारणी धावत येतात. मग त्याही मरतात. निम्म्याहून जास्त मरतात त्या या बोंबेनं."

तिचा धाकटा भाऊ सुतार. आठ वर्षं त्याच्या एचआयव्हीवरच्या गोळ्या चालू होत्या, पेशी सहाशेच्या वर. हे त्या दोघांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी त्याचा आकडा आला एकशे ऐंशी. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगातला पांढरा कोटही न काढता ती थेट त्याच्या कारखान्यात गेली.

"गोळ्या सोडल्यास ना? एड्सनं मरायचंय का तुला?"

चार सुतारांचे हात थांबले.

"ताई, हळू बोल. एकही चुकवली नाही."

"खोटं बोलू नकोस. रक्त खोटं बोलत नाही."

परतल्यावर हाताखालच्या मुलीनं बिचकतच विचारलं, "बाई, काल संध्याकाळची ती एक नळी फ्रिजमध्ये कशी? मी तशीच मशीनला लावली."

ही नळी बाहेरच ठेवायची, थंडीनं पेशी मरतात, हे साऱ्यांकडून घोकून घेतलं होतं तिनंच. पण रक्त आपल्या माणसाचं, उकाडा फार, म्हणून जपायला गेली, आणि सवयीनं हात फ्रिजकडे वळला. दुसऱ्या कोणी ही चूक केली असती तर तिनं त्याला उभा सोलला असता.

संध्याकाळी तिनं पुन्हा रक्त घेतलं. भावानं हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी आकडा आला सहाशे चाळीस.

कागद घेऊन ती कारखान्यात धावली. माठाशेजारी चार पेले होते. पाचवा एकटाच खिडकीत, त्यावर खिळ्यानं ओरखडून खूण केलेली. तिनं तो उचलला, माठातलं पाणी घेऊन घटाघटा प्यायली आणि पेला त्या चारांत ठेवला. म्हातारा मिस्त्री उठला, उरलेले चारही पेले उचलून आत घेऊन गेला.

तिनं तोंड उघडलं, तोच भाऊ म्हणाला, "ताई, आता काही बोलू नकोस. घरी जा."