पाचवीचा कागद

काल लोह्याला एका बाळाच्या पाचवीला ओव्याची धुरी नाकात शिरली अन् माझं दुसरं बाळंतपण आठवलं. पोटावर सिझरचे टाके, कुशीत पाच दिवसांचा मुलगा. सटवाई नशीब लिहील म्हणून सासूबाईंनी पाटावर कोरा कागद अन् लेखणी ठेवली होती. माझ्या चार वर्षांच्या सुमीनं हौसेनं त्यावर रेघोट्या ओढल्या.

"सटवाईच्या आधी तूच बसलीस का लिवायला, भवाने!" सासूबाईंनी तिला फटका दिला.

नवव्या दिवशी बाळ तापानं गेलं.

सुमी खाटेजवळ आली. "आई, म्या लिवलं म्हणून गेला का गं?"

टाके लई दुखून राहिले होते. मी भिंतीकडं तोंड फिरवलं. तिनं पुन्हा कधीच विचारलं न्हाई.