बाबांचे रविवारचे लेख

पन्नाशी उलटल्यावर मी लंडनच्या पिनर उपनगरातून ट्रेननं युनिव्हर्सिटीत जाऊ लागले. प्रबंधाचा विषय बाळंतिणीचा आहार. संदर्भांच्या यादीत पहिलं नाव घातलं बाबांचं. बाबा पुण्यात डॉक्टर, आणि कितीतरी वर्षं वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आरोग्यावर लिहायचे. आईनं ती कात्रणं एका वहीत चिकटवली होती. ती गेल्यावर वही मी इकडे आणली.

माझ्या सुपरवायझरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी बाबांच्या नावाभोवती पेन्सिलीनं गोल केला. हा लेख छापण्याआधी या विषयातल्या दुसऱ्या कुणी तपासला होता का? त्यात लिहिलंय त्याला आधार काय? नसेल, तर हा पॉप्युलर सोर्स, पुरावा म्हणून चालणार नाही. माझं डोकंच फिरलं. ज्यांचं वाचून निम्म्या पुण्यानं बाळंतपणं काढली, त्यांना ही कालची पोर पॉप्युलर म्हणते!

शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर मी तणतणत सगळं बाबांना सांगितलं. वाटलं, तेही चिडतील. ते हसले.

"अगं, बरोबर आहे तिचं. दोन पेशंटच्या मधे लिहायचो मी. कोण तपासणार होतं?"

"पण तुमचा अनुभव होता ना, बाबा?"

"बाळंतिणीला पाणी कमी द्यावं, असा एक लेख आहे बघ त्यात."

"तो घेतलाय मी."

"माझी आई सांगायची, तेच लिहिलं. तुझ्या वेळी तुझ्या आईला सव्वा महिना मीच पाणी मोजून दिलं. फार तहान लागायची गं तिला. पण डॉक्टरच सांगतोय म्हटल्यावर ती कशाला बोलते! पुढे जर्नलमध्ये वाचलं, तेव्हा कळलं की त्याला काही आधारच नव्हता."

मला रडू आलं. आईसाठी, आणि त्यांच्यासाठीही. म्हटलं, यादीतून तुमचं नाव काढते.

"काढू नकोस. चूक म्हणून ठेव."

मग मी तो लेख पुराव्यांतून काढला आणि त्या काळी बायकांना काय काय सांगितलं जायचं, त्या प्रकरणात घातला. त्याच्याखाली तपासून छापलेल्या शोधनिबंधांचे आधार देऊन तो खोडून काढला. पुढच्या शनिवारी बाबांना ते पान वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"छान लिहिलंस," ते म्हणाले. "मला कळलं तेव्हा तुझ्या आईला सांगायला हवं होतं गं मी."