पौर्णिमेला बेकरी बंद

“धरा त्या बाईंना! खाली बसवा! जिना उतरू देऊ नका!”

लॅबमधला माणूस ओरडत जिन्याकडं धावत येत होता. कोणती बाई म्हणून मीही मागं वळून पाहिलं. मला वाटलं, मी चुकून दुसऱ्या कुणाची चप्पल घालून निघाले. पण त्यानं माझ्याच दंडाला धरलं आणि लगेच सोडलं, जणू मी काचेची आहे. चौघांनी मिळून मला खुर्चीत बसवलं.

“अहो, मी स्कूटी चालवत आलेय,” मी म्हटलं.

हे ऐकून तो पांढराफटक पडला. तरी माझ्यापेक्षा कमीच. त्या दिवशी अख्ख्या संभाजीनगरात माझ्याहून पांढरा फक्त बीबी का मकबरा होता.

माझ्या प्लेटलेट्स पाच हजार होत्या. प्लेटलेट्स म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी. त्या दीड लाखाच्या वर असाव्या लागतात. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “सविताताई, आज एखाद्या खड्ड्यात स्कूटी आदळली असती तर डोक्यात रक्तस्राव झाला असता.” आपल्या शहरात खड्डा चुकवत दवाखान्यापर्यंत पोचणं हाच पहिला चमत्कार, असं मी म्हणाले. मॅडम हसल्या नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

हे लिहितेय ते तुमच्यासाठी. कारण नसताना अंगावर निळे डाग उठत असतील, दात घासताना रक्त येत असेल, दोन पायऱ्या चढून धाप लागत असेल, तर माझ्यासारखं करू नका. माझं सिडकोत ब्यूटी पार्लर आहे. डाग दिसले की मी खुर्चीच्या हाताला दोष द्यायचे, धाप लागली की वजनाला. उन्हाळाभर खुर्चीला शिव्या घातल्या. खुर्ची बिचारी निर्दोष निघाली.

मग बोन मॅरो बायोप्सी झाली. बोन मॅरो म्हणजे हाडाच्या आतला मगज, जिथं रक्त तयार होतं. कमरेच्या हाडाला बोअर पाडून त्याचा तुकडा काढतात. आमच्या गावच्या बोअरला पाणी लागायला जितकं खोल जावं लागलं, तितकं ते खोल गेले, आणि इथंही कोरडंच लागलं. रिपोर्टमध्ये नाव आलं अप्लास्टिक ॲनिमिया.

“तुमचा रक्ताचा कारखाना बंद पडलाय,” मॅडम म्हणाल्या.

“संप आहे का टाळं लागलंय?” मी विचारलं. नवरा वाळूजला कंपनीत असल्यानं दोन्हीतला फरक मला चांगला ठाऊक.

“टाळं. आणि ते तुमच्याच शरीरानं लावलंय.”

म्हणजे अंगातली रोगाशी लढणारी फौज चुकून आपल्याच मगजावर उलटते. उपाय दोन. सख्ख्या भावाबहिणीचा मगज जुळला तर तो घालायचा, नाहीतर औषधानं त्या फौजेला झोपवायचं आणि कारखाना पुन्हा सुरू होतो का बघत बसायचं. मी चाळिशी ओलांडलेली, म्हणून आधी औषध ठरलं. भावाची तपासणी पाठवून ठेवली, औषध फसलं तर असावी म्हणून. फसलं तर काय, हे मी विचारलं होतं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं. ते इथं लिहीत नाही, तुम्हाला कळलं असेल.

काचेचं दार असलेली दोन खाटांची खोली. दुसऱ्या खाटेवर पल्लवी. शेंद्र्याची, कॉलेजात शिकणारी, माझाच आजार. तिच्या डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरलं होतं. माणसं दिसत, अक्षरं दिसत नसत. तिचे वडील शेंद्र्याच्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. ड्यूटी संपली की गणवेशातच येऊन स्टुलावर बसत. तोंडाला मास्क आणि मास्कच्या आतही काही बोलणं नाही.

पहिल्याच दुपारी तिनं विचारलं, “काकू, फोनमध्ये बघून एवढं काय हसताय?”

आता सांगायलाच हवं. मला एक व्यसन आहे. व्हॅम्पायर आणि वेअरवुल्फच्या प्रेमकथा. व्हॅम्पायर म्हणजे रक्त पिऊन जगणारा देखणा माणूस आणि वेअरवुल्फ म्हणजे पौर्णिमेला लांडगा होणारा, तोही देखणाच. पार्लरमध्ये माझ्या हाताखाली काम करणाऱ्या शबानानं मला हे लावलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघी फोनवर वाचायचो. भुताखेतांची भीती त्यात औषधालाही नाही. नुसती भांडणं, रुसवेफुगवे आणि लग्नं.

त्या वेळी जी कादंबरी वाचत होते, तिच्यात नायिका ॲग्नेस व्हॅम्पायर आहे, पण रक्त बघितलं की तिला चक्कर येते. नायक बार्नबी वेअरवुल्फ आहे आणि बेकरी चालवतो. दर पौर्णिमेला दुकानावर पाटी, ‘प्रकृतीच्या कारणास्तव बंद’. यांचं लग्न मोडायला टपलेली ऑक्टेव्हिया आत्या.

“सांगा ना,” पल्लवी म्हणाली. “मला वाचता येत नाही आता.”

मॅडमचा राउंड झाला की माझी गोष्ट सुरू. जसंच्या तसं सांगणं माझ्या रक्तात नाही, तेव्हा तर रक्तच नव्हतं. मी बार्नबीची बेकरी उचलून शहागंजात आणली. तो नानखटाई भाजायला लागला. ॲग्नेसला दौलताबादच्या किल्ल्यावर राहायला पाठवलं, अंधारी वाट तिला आयती मिळाली. ऑक्टेव्हिया आत्याच्या तोंडी मी माझ्या मोठ्या नणंदेची वाक्यं घातली. पल्लवी इतकी हसायची की सिस्टर येऊन दटावायच्या. कधीकधी ती विनोद यायच्या आधीच हसायला लागायची. मला वाटायचं, मी सांगतेच तसं.

वडील हसायचे नाहीत. पण गोष्ट चालू असेपर्यंत उठायचेही नाहीत.

दर दोनतीन दिवसांनी आम्हा दोघींना रक्ताच्या नाहीतर प्लेटलेट्सच्या पिशव्या लागत. नवऱ्यानं कंपनीच्या शिफ्टची अख्खी बस भरून दवाखान्यावर आणली. वेल्डर, फिटर, कँटीनवाले, सगळे बाह्या सरसावून. माझ्या अंगात इतक्या जणांचं रक्त गेलं की एका पिशवीनंतर मला गायछाप तंबाखू मळायची तलफ आली आणि दुसऱ्या पिशवीनंतर मी झोपेत सुपरवायझरला शिव्या दिल्या. खोटं वाटत असेल तर सिस्टरांना विचारा.

मॅडमनी एक गोष्ट बजावली होती, ती नीट वाचा. सख्ख्या नातेवाइकांनी रक्त द्यायचं नाही. पुढं त्यांचाच मगज घालायची वेळ आली, तर शरीर त्यांच्या पेशी आधीच ओळखून बसलेलं असतं आणि परतवून लावतं.

हे माझ्या भावाला, संजूला, कोण सांगणार? तो बिडकीनहून आला तोच शर्टाची बाही वर करून.

“मी काय मेलो व्हय? बहिणीला बस भरून परक्यांचं रक्त, अन् सख्खा भाऊ चहा पीत बसला? लोक तोंडात शेन घालतील माझ्या!”

मॅडमनी त्याला समजावलं. त्यानं मान डोलावली. मॅडम गेल्यावर मला म्हणाला, “खाली रक्तपेढीत जाऊन सांगतो, मी शेजारी हाय म्हनून. आडनाव तर येगळंच हाय आपलं आता.”

तो दारापर्यंत पोचला होता. पल्लवी उशीवरून म्हणाली, “मामा, थांबा. नात्यातलं रक्त प्यायलं की तिसऱ्या दिवशी राख होते.”

“कुणाची?”

“पिणाऱ्याची. ऑक्टेव्हिया आत्याची झाली ना.”

“कोन आत्या?”

“लांबची. भाच्याचं रक्त प्यायली. चिमूटभर राख उरली फक्त, गालिच्यावर.”

संजू माझ्याकडं बघायला लागला. मी डोळे मिटून घेतले, कारण उघडे ठेवले असते तर हसले असते आणि हिरड्यांतून रक्त आलं असतं. मॅडमच्या शास्त्राला न बधलेला माझा भाऊ त्या राखेला घाबरून स्टुलावर बसला. बाही खाली घेतली. पोरगी थापा मारण्यात माझ्या वरताण आहे, असं मला वाटलं, कारण माझ्या गोष्टीत ऑक्टेव्हिया आत्या अजून ठणठणीत होती.

पल्लवीचे वडील मात्र स्वतःच्या तळहातांकडं बघत होते. या दवाखान्यात यायच्या आधी, आजाराचं नावही कळलं नव्हतं तेव्हा, त्यांनी आणि त्यांच्या दोन भावांनी मोठ्या अभिमानानं पोरीला रक्त दिलं होतं. कुणी विचारलं नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं. तिला भावंड नाही. वडिलांचा मगज अर्धा जुळत होता, पण तिच्या शरीरानं त्याच्याविरुद्ध आधीच फौज उभी केली होती. म्हणजे तिच्यासाठी उरलं फक्त औषध.

ते औषध एटीजी. घोड्याच्या रक्तापासून बनवतात. चढवताना थंडी वाजून ताप येतो. माझी खाट अशी हादरली की खालच्या मजल्यावरचे लोक भूकंप म्हणून बाहेर पळाले. कपाळावर चहाचं भांडं ठेवलं असतं तर उकळी फुटली असती. पलीकडं पल्लवीचीही खाट हलत होती. दातावर दात आपटत ती म्हणाली, “काकू, आधी व्हॅम्पायर, आता घोडा. लांडगा कधी व्हायचं?”

“धीर धर,” मी म्हटलं. “सगळं मिळेल.”

खरंच मिळालं. एटीजीबरोबर सायक्लोस्पोरिनच्या गोळ्या असतात. त्याही फौजेला दाबून ठेवतात. त्यांनी हिरड्या सुजतात आणि अंगावर केस वाढतात. मला आधी कल्ले आले, मग मिशी. भुवया एकमेकींना जाऊन भेटल्या. निम्म्या सिडकोच्या भुवया कोरणारी बाई मी, आणि माझ्याच चेहऱ्याला दोरा लावायची बंदी, कारण रक्त थांबणार नाही. शबाना दवाखान्यात आली, काचेतून बघितलं आणि किंचाळली, “या अल्ला! बाजी, तुम तो सच्ची में भेडिया हो गए! हाथ में दोरा देव मेरे, दो मिनट का काम है!” तिला सिस्टरांनी बाहेर काढलं.

पण पल्लवीला मिशी येईपर्यंत वेळच मिळाला नाही.

आधी खोकला आला. मग ताप, जो उतरला नाही. पांढऱ्या पेशी नसल्या की हवेतली साधी बुरशीसुद्धा फुप्फुसात घर करते. मॅडम वडिलांना बाहेर घेऊन गेल्या. काचेतून मला दिसलं की मॅडम बोलतायत आणि ते टोपी काढून हातात धरून ऐकतायत, साहेबांसमोर उभं राहावं तसे.

तिला आयसीयूत न्यायला आले तेव्हा मी शेवटाच्या अलीकडच्या भागाला होते. बार्नबीच्या दुकानावर पाटी लागली होती आणि त्याच पौर्णिमेला लग्नाचा मुहूर्त निघाला होता.

“लग्न होतं का नाही, परत आल्यावर सांगा,” ती म्हणाली.

“लवकर ये. नाहीतर मी तुझ्यावाचून बुंदी वाटून टाकीन.”

ती परत आली नाही. वॉर्डातल्या मावशींनी तिची गादी गुंडाळली, खाट पुसली, खिडकीतला कंगवा पिशवीत घातला. कुणी रडत नव्हतं. वडील येऊन पिशवी घेऊन गेले. माझ्याकडं बघून त्यांनी हात जोडले. मीही जोडले.

त्या कादंबरीचा शेवटचा भाग मी उघडला नाही. कुठलीच कादंबरी उघडली नाही. त्या खाटेवर दुसऱ्या बाई आल्या, त्या जपमाळ ओढत. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. एकच औषध, एकच खोली, तेच डॉक्टर. माझा कारखाना सुरू होईल आणि तिचा नाही, याला काय कारण, हे मी मॅडमना विचारलं.

“आम्हाला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी मला सांगितलेलं हे सगळ्यात खरं वाक्य.

पावसाळा संपता संपता माझ्या पेशी वाढायला लागल्या. आधी पांढऱ्या, मग लाल, शेवटी कूर्मगतीनं प्लेटलेट्स. पिशव्या लागेनाशा झाल्या. भावाचा मगज जुळला होता, पण तो वापरायची वेळ आली नाही. संजू आता गावभर सांगतो की बहिणीला वाचवलं ते त्यानं रक्त न देऊन. खोटं नाही ते. ज्या पोरीनं त्याला दारातून परत फिरवलं, तिचं नाव तो विसरून जातो. मी आठवण करून देते.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. डाग दिसले की साधी रक्ततपासणी करून घ्या. असा आजार निघाला, तर घरच्यांनी रक्त देण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि ज्यांची नावं मला कधी कळणार नाहीत, त्या बसमधल्या सगळ्यांना माझा नमस्कार. माझ्या कानशिलात जे धडधडतंय, ते अजून त्यांचंच आहे असं मला वाटतं.

परवा तपासणीला गेले होते. रक्तपेढीच्या बाकावर पल्लवीचे वडील बसले होते, गणवेशात. बाही वर, कोपरात कापूस दाबलेला. मिशीमुळं त्यांनी मला आधी ओळखलं नाही. आवाजावरून ओळखलं.

“तुम्ही इथं?” मी विचारलं.

“देत असतो आता,” ते म्हणाले. “परक्यांना चालतं माझं.”

मी शेजारी बसले. किती महिने पोटात धरून ठेवलेलं एकदम बाहेर आलं. म्हटलं, “दादा, एक राहून गेलं. तिला गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला माझा.”

त्यांनी कापूस उचलून बघितला, रक्त थांबलं का ते. मग बाही खाली घेतली.

“तिला ठावं व्हता,” ते म्हणाले. “दवाखान्यात यायच्या आधीच वाचलेली व्हती तिनं ती. काकूला सांगू नका म्हनली व्हती.”