कोंबड्यांची वहिवाट

खोली बघायला गेले तेव्हा नानांनी मला नाव विचारलं नाही, कंपनी विचारली नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. ते अंगणात खुराड्यासमोर उकिडवे बसले होते. मान न वळवता म्हणाले, "कोंबड्या हाकता येत्यात का?"

मी परभणीकडची. गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत नुकतीच लागले होते आणि चाकणच्या पट्ट्यात खोल्या बघून बघून जीव मेटाकुटीला आला होता. घरमालकांच्या नाना तऱ्हा पाहिल्या होत्या, पण हा प्रश्न नवीन होता. म्हटलं, "येतात की. घरी होत्या आमच्या."

"मंग ती तांबडी पकड आन् आत सोड. पाय धरून न्हाई, पोटाखाली हात घालून."

मी सोडली. नाना उठले आणि घरात हाक मारली, "अगं, खोली दिली हिला. परभणीला कोंबड्या येत्यात." त्या दिवसापासून मी परभणी झाले. शेजारच्या खोलीतली सविता बीड होती. आमची खरी नावं नानांना शेवटपर्यंत ठाऊक होती की नाही, मला शंका आहे.

नाना मूळ गावचेच. भोसरीच्या एका कंपनीत फिटर होते आणि फिटरपेक्षा जास्त युनियनच्या कमिटीवर होते. निवृत्त झाले तरी कुणाशी तरी वाकडं घेतल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. बरेच दिवस कुणी मिळालं नाही तर ते काकूंशी भांडत, आणि काकू त्यांना पुरून उरत. मग नशीब उघडलं आणि घरामागे गोदाम आलं.

आमची वस्ती आणि मोठा रस्ता यांच्या मधली जमीन विकली गेली होती. तिच्यातून पूर्वापार पायवाट होती. गोदामवाल्यांनी भिंत घातली. रस्त्याच्या अंगाला ट्रकसाठी फाटक, वस्तीच्या अंगाला पत्र्याचं बंद फाटक, आणि वाट मध्येच गिळली गेली. कंपनीची बस पलीकडच्या थांब्यावर सोडायची. तिथून घर समोर दिसायचं, पण पोचायला हायवेच्या कडेनं मोठा वळसा. सकाळी उजेडात एक वेळ चालतं. संध्याकाळी मात्र ट्रेलर अंगाला घासून जायचे, आणि एकदा त्या झोतानं सविता चारीत पडली. कोपर सोलवटून घरी आली. त्याआधी ते मॅनेजरला भेटले होते, पंचायतीत ओरडून आले होते; कागद साफ आहेत एवढंच उत्तर मिळालं होतं. सविता पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते आठवडी बाजारातून गावरान पिल्लं घेऊन आले. मी खोली बघायला गेले तेव्हा ती पिल्लं खुराड्यात कोंडलेली होती.

मला आधी वाटलं, म्हाताऱ्याला छंद लागलाय. पण छंदाला इतकी शिस्त नसते. "पिल्लाला घर दाखवायचं नसतं, परभणी," ते मला समजावत. "घरात कोंडायचं असतं. आठ दिस तिथंच दाणा, तिथंच पाणी. मंग त्याला जगात कुटंबी सोड, दिस मावळला की पाय आपसूक हिकडंच वळत्यात. आमी बी काय, लगीन झाल्यावर असंच माणसाळलो." आतून काकूंचा आवाज यायचा, "कुटं माणसाळलाय?"

आठवड्यानं त्यांनी पिल्लं बाहेर काढली, तीही दिवस कलायच्या सुमारास, उपाशीपोटी. दारापाशी सोडायची, अंधारू लागलं की खुराड्यात दाण्यांचा डबा खुळखुळवायचा. चुकार पिल्लू पेरूच्या झाडावर बसलं तर अंधार झाल्यावर हळूच उचलून आत. त्याच्यावर आवाज चढवलेला नानांना खपत नसे. "शिवी दिली की ते खुराड्यालाच भितं. मॅनेजमेंटला हे कदी कळलं न्हाई." रोज सोडायची जागा थोडी लांब जायची. ती पहिल्या दिवशीची पोक्त तांबडी पुढारी म्हणून होती. कोंबड्याचं नाव जनरल मॅनेजर, कारण काम काही नाही आणि आवाज फार.

पिल्लं वाढून तलंगा झाली आणि नानांचा डाव उघडा पडला. सकाळी ते त्यांना डालग्यात घालून स्कूटीवरून वळसा मारून पलीकडे न्यायचे. रस्त्याकडेला त्यांची जमिनीची एक चिंचोळी पट्टी उरली होती, तिथे दिवसभर चरायला सोडायचे. संध्याकाळ झाली की कोंबड्या नाकासमोर घराकडे निघायच्या, आणि नाकासमोर गोदाम होतं. ट्रकच्या फाटकातल्या आडव्या दांड्याखालून त्या ओळीनं आत शिरायच्या, सगळं आवार तुडवत मागच्या फाटकाशी पोचायच्या आणि ते बंद दिसलं की कोकलून आकाश डोक्यावर घ्यायच्या.

पहिल्या दिवशी वॉचमन बालाजीनं त्यांना पकडायचा प्रयत्न केला. बालाजी नांदेडचा, अंगानं भरलेला. तो पळाला, कोंबड्या खोक्यांच्या थप्प्यांवर चढल्या, आणि खोक्यांवर व्हायचं ते झालं. वर आवारातले मोठे दिवे लागले, तेव्हा कोंबड्यांना वाटलं अजून दिवसच आहे. मग कुणी उतरायलाच तयार नाही. नाना भिंतीपलीकडून ओरडले, "बालाजी, तुला न्हाई जमायचं. जाणती माणसं लागत्यात. त्या बसमधनं माज्या पोरी उतरतील, त्यांना आत घे."

अशी आमची वर्णी लागली. कंपनीचा निळा एप्रन, गळ्यात ओळखपत्र, हातात निरगुडीची काठी. मी, सविता आणि आणखी चौघीजणी कोंबड्या हाकत थाटात गोदाम ओलांडायचो. बालाजी मागचं फाटक जरासं किलकिलं करायचा. कोंबड्या बाहेर, मागोमाग आम्ही बाहेर. "काय करावं बगा," तो रोज म्हणायचा, "मला कामावरून काढतेत की ओ नाना." नाना त्याच्या हातावर उकडलेलं अंडं ठेवत. कुणी बायकांच्या वाटेचा विषय काढला की ते कानावर हात ठेवायचे. "पोरींचं मला काय ठावं न्हाई. माजा कोंबड्यांचा प्रश्न हाय. त्यांची वहिवाट हाय." आम्हाला मात्र खालच्या आवाजात सांगायचे, "वाट चालली तर वाट, न्हाई तर गवत. एक दिस बी खाडा करू नका."

मॅनेजर तरुण होता, पण नानांनी समजलं होतं तितका बावळट नव्हता. एका संध्याकाळी आम्ही फाटकाशी पोचलो तर पत्र्याला तळाशी चौकोनी भोक पाडलेलं. कोंबडी जाईल एवढंच. कोंबड्या टुणटुण बाहेर गेल्या, आणि साहेब आमच्याकडे बघून गोड हसले. नानांनी बाहेरून त्यांचे आभार मानले, जाहीर. आम्ही सहाजणी माघारी फिरलो आणि पुन्हा हायवेच्या कडेनं, एकमेकींच्या ओढण्या धरून घरी आलो. काकूंनी चहा दिला. नाना तंबाखू मळत बसले होते, किती तरी वेळ, ती चिमूट तोंडात न टाकता. मला रडू आलं. ते बघून म्हणाले, "परभणी, बोलणी चालू हायेत."

पुढच्या बाजारी त्यांनी शेळी आणली.

शेळीही पट्टीवर चरायला लागली आणि कोंबड्यांमागून यायला लागली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिचं डोकं त्या भोकात अडकलं. डोकं वस्तीत, धड गोदामात, आणि ओरडणं असं की माल भरायचं काम थांबलं. शेळीनं डोकं आपणहून घातलं, की बाहेरून कुणी बाभळीचा पाला धरला होता, याबद्दल काकूंनी आजवर तोंड उघडलेलं नाही. ओढून निघेना. शिंगं आडवी येत होती. नाना हंबरडा फोडल्यासारखे करत होते, "मुकं जनावर हाय ओ, साहेब!" शेवटी ग्राइंडर आणून पत्रा कापावा लागला. शेळीला लागू नये म्हणून मोठा कापा, हे नानाच सांगत होते. "आजून वर. आजून थोडं. हां, तितं सरळ मारा."

शेळी सुटली तेव्हा फाटकात कमरेएवढं दार झालं होतं. ते पुन्हा बुजवायला साहेबांनी माणूस बोलावला नाही. आरडाओरडा ऐकून आत आलेल्या आम्हाला त्या संध्याकाळी त्यांनी एकेकीला वाकून त्यातून जाताना पाहिलं, शेवटी राहिलेल्या सविताची डब्याची पिशवी पलीकडे धरून दिली, आणि नानांना म्हणाले, "अंकल, अब ऊंट मत लाना."

"बाजारात आला तर बघू," नाना म्हणाले.

त्यानंतर दोन-तीन वर्षं सगळी वस्ती त्या दारातून वाकून जायची. शाळेची पोरं, दूधवाला, पाहुणेरावळे. नवरदेवसुद्धा फेटा सांभाळत वाकले. नानांना ते बघायला फार आवडायचं. खुर्ची टाकून बसायचे आणि कुणाचं डोकं आपटलं की खूश व्हायचे.

ते गेले थंडीत, सकाळी, चहा घेता घेता. आजारपण नाही, निरोप नाही. मी बापाला रडले नव्हते तितकी रडले.

आमचं स्मशान ओढ्याकाठी, रस्त्याच्या पलीकडे. कुणी तरी म्हणालं, शववाहिका बोलवू, हायवेनं नेऊ. काकू कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "गाडी न्हाई. वाटंनं न्यायचं."

तिरडी उचलून सगळे मागच्या फाटकाशी आले आणि थांबले. त्या दारातून चौघांच्या खांद्यावरची तिरडी कशी जाणार? तिला वाकता येत नाही. बालाजी आतून धावत आला, पण लहान दार झाल्यापासून मोठ्या कुलपाला कुणी हात लावला नव्हता. ते गंजून बसलं होतं. मॅनेजर आले. त्यांनी बघितलं, पायातले बूट काढले आणि ग्राइंडर मागवला. कुलूप कापलं गेलं. बालाजीनं आणि साहेबांनी एकेक झडप धरून ओढली, आणि ते फाटक पहिल्यांदाच सताड उघडलं. नाना मधून गेले. दोन्ही बाजूंना माल भरणारी माणसं हात जोडून उभी होती.

आम्ही बायका काकूंजवळ अंगणात होतो. तिथून सगळं सरळ दिसत होतं. काकूंनी पदर डोक्यावर नीट घेतला, आणि मला कोपरानं ढोसून, रडता रडता म्हणाल्या, "बगितलंस, परभणी? साऱ्या वस्तीला वाकाय लावलं, आन् सोता बग कसा ताठ गेला!"